हात थांबल्यावर

भाऊंनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हिवाळ्यात आलं होतं. दोनदा वाचून त्यांनी ते शब्दकोशाच्या जाड खंडात ठेवलं आणि खंड मिटला. उत्तर न दिलेली पत्रं त्यांच्या आयुष्यात बरीच होती. भिडस्त माणसाच्या घरी ती साठतातच. बाकीच्यांचा त्यांना विसर पडला, या एकाचा पडला नाही. शब्द शोधायला खंड उघडावा, तर पत्राचा निळसर कोपरा बाहेर डोकावायचा आणि भाऊ शोधायचा शब्दच विसरून जायचे.

पत्र त्यांच्या एडिटरबद्दल होतं. ग्रंथालयात नोकरी करत असताना भाऊंनी स्वतःच्या सोयीसाठी मजकूर लिहायचा एक छोटा प्रोग्रॅम तयार केला होता. पडद्याच्या एका अर्ध्यात जुन्या पानाचा फोटो उघडायचा, दुसऱ्या अर्ध्यात त्याबद्दल लिहायचं, अक्षर पुसट असलं तर फोटो मोठा करून पाहायचा, एवढाच त्याचा जीव. पुढे तो त्यांनी लोकांना फुकट वाटला आणि मदतीच्या पानावर खाली घरचा पत्ता टाकला. कुणी लिहिणार नाही याची त्यांना खात्री होती म्हणूनच टाकला, असं आक्का म्हणायची.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भाऊंकडे राहायला आली. भाऊंनी लग्न केलं नव्हतं. "विचारायला तोंड उघडावं लागतं ना," हे आक्काचं त्यावरचं स्पष्टीकरण.

पत्र नदीकाठच्या एका शहरातल्या इस्पितळातून आलं होतं. अक्षर गोल आणि घाईचं.

"मी इथे शवागारात नोंदी लिहिते," बाईंनी लिहिलं होतं. "ओळख न पटलेली माणसं आमच्याकडे येतात. आमच्या खोलीची एक पद्धत आहे: आधी शब्द, मग फोटो. मी प्रत्येकाचा फोटो मोठा करकरून पाहते आणि वर्णन लिहिते. व्रण, तीळ, दात, अंगठी, शर्टाचं बटण. हरवलेल्या माणसाचं कुणी आलं की मी आधी वर्णनं वाचून दाखवते. जुळलं तरच तो एक फोटो दाखवते. आपलं माणूस शोधताना कुणाला परक्यांची मेलेली तोंडं पाहावी लागू नयेत, एवढ्यासाठी. या कामाला तुमचा एडिटर फार बरा आहे. पण काही फोटो पाहून झाले की मेमरी भरत जाते, यंत्र अडकतं, आणि शेवटचं लिहिलेलं निघून जातं. दुपारी जेवून आले की जरा बरं चालतं. यंत्रालाही विश्रांती लागत असेल. उपाय असला तर पोस्टाने कळवा. आमचं यंत्र बाहेर कशालाही जोडलेलं नाही."

पत्र आल्यावर भाऊ स्वस्थ बसले होते असं नाही. ते कामाला लागले होते. मेमरी किती भरली हे दाखवणारा मापक त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात लावला. पहिला संशय त्यांना 'मागे फिरवा' या सोयीवर आला. लिहिलेलं पुसलं तर परत आणता यावं म्हणून एडिटर प्रत्येक कळ लक्षात ठेवतो. तेच ओझं वाढत असेल? त्यांनी मोजलं. ते ओझं मुंगीएवढं निघालं. दुसरा संशय फोटो उलगडणाऱ्या भागावर. तोही निर्दोष सुटला. मग राहिला माळा.

माळा हे नाव भाऊंनीच दिलेलं. फोटो एकदा मोठा केला की तो मोठा केलेला नमुना एडिटर माळ्यावर टाकून ठेवतो, पुन्हा मागितला तर चटकन देता यावा म्हणून. एकाच फोटोचे पाच आकार पाहिले तर पाच नमुने. माळा साफ करायला त्यांनी झाडू ठेवला होता. जुने नमुने वेळच्या वेळी टाकून देणारा प्रोग्रॅमचा एक तुकडा. भाऊंनी एकामागून एक फोटो उघडले, मोठे केले, मिटले. प्रत्येक वेळी आकडा थोडा चढला आणि पुन्हा खाली आला. झाडू चोख होता.

म्हणजे चूक सापडली नाही. आता बाईंना काय लिहायचं? 'तुमची तक्रार मला इथे दिसत नाही' असं एकदा लिहून पाहिलं. ते 'तुम्ही खोटं बोलता' असं वाचलं जात होतं. 'तुमचं यंत्र जुनं असेल' हे लिहिलं, तर ते हात झटकल्यासारखं वाटलं. 'माझं वय झालं आहे, मला आता हे समजत नाही' हे सगळ्यात खरं वाटलं. म्हणून तेच सगळ्यात आधी फाडलं. असे कागद फाडत हिवाळा गेला.

मग एका सकाळी रेडिओने सांगितलं, की त्या शहराजवळ प्रवासी बोट उलटली.

आक्का भाजी चिरत होती. भाऊ वर्तमानपत्र धरून बसले होते, वाचत नव्हते. निवेदकाने बोटीत किती माणसं होती ते सांगितलं, मग म्हणाला की आकडा नक्की नाही. संध्याकाळी तो आकडा वाढला. दुसऱ्या दिवशी रेडिओ म्हणाला की मृतदेह शहरातल्या इस्पितळात आणले जात आहेत आणि नातेवाइकांनी दाराबाहेर गर्दी केली आहे.

"तुझ्या पत्रवाल्या बाईंचं शहर ना हे?" आक्काने विचारलं.

भाऊ दचकले. "तुला काय ठाऊक?"

"शब्दकोश मी पुसते. तू फक्त वाचतोस." तिने सुरी खाली ठेवली. "काय कळवलंस त्यांना?"

भाऊंनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"नाहीच कळवलं?"

"मला चूक सापडली नाही, आक्का. मग काय कळवणार?"

"तेवढंच कळवायचं. नाही सापडली म्हणून." ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तुझ्या बाबतीत ती आणखी कुणाची बहीण झाली असेल ते बघ आता."

हे जरा जास्तच लागलं. ते तिलाही कळलं असावं, कारण तिने पुन्हा भाजी ओढली आणि चिरलेलीच पुन्हा चिरली.

भाऊ उठून टेबलापाशी गेले. त्यांच्या डोळ्यांसमोर ती खोली येत होती. एक जुनं यंत्र, त्याच्यासमोर एक बाई, आणि दाराबाहेर माणसं. यंत्र अडकलं की बाई उठून ते बंद करणार, पुन्हा सुरू करणार, गेलेलं पुन्हा लिहिणार. त्यांनी मापक लावला, फोटो उघडला, मोठा केला, वाट पाहिली. आकडा खाली आला. दुसरा उघडला. आकडा खाली आला. ही परीक्षा त्यांनी हिवाळाभर दिली होती, आणि प्रत्येक वेळी पास झाल्यामुळेच ते नापास होते.

"असं काय करतोयस?" आक्का मागे येऊन उभी होती.

"त्या बाई करतात तसं करून बघतोय."

"त्या असं करतात? एक फोटो उघडून ध्यान लावून बसतात?"

"मी आकडा बघतोय."

"मग त्यांचं काम कोण करतंय? ऊठ. तू आकडा बघ, फोटो मी बघते."

आक्का कोर्टात टंकलेखिका होती. साक्षीदाराचं वाक्य संपायच्या आत तिचं टंकून झालेलं असे, आणि निवृत्त होताना न्यायाधीश म्हणाले होते की हिच्यामुळे मला विचार करायला वेळच मिळाला नाही. भाऊंनी खुर्ची दिली. ग्रंथालयातली पानं तिला नको होती. "पानाला तीळ असतो का?" म्हणून तिने घरचे फोटो मागितले. भाऊंनी जुना अल्बम कधीतरी यंत्रात उतरवून ठेवला होता. भल्या मोठ्या आकारात, कारण लहान करावेत की नाही हे त्यांचं ठरलं नव्हतं.

"काय लिहायचं?"

"ओळख पटेल असं. या माणसाला ओळखणारं कुणी दारात उभं आहे असं समज."

आक्काने पहिला फोटो उघडला आणि तिची बोटं सुटली. मोठा केला, कपाळ पाहिलं, लिहिलं. आणखी मोठा केला, हनुवटी पाहिली, लिहिलं. "पुरुष, वय साठच्या पुढे. डाव्या भुवईत व्रण. कानाच्या पाळ्या लांब." हे त्यांचे वडील होते. पुढचा फोटो. "स्त्री. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं. नाकावर चष्म्याची खूण." ही आई. लिहिता लिहिता ती बोलतही होती.

"बाबांच्या पाळ्या बघ, तुझ्याकडे आल्यात. अक्कल तेवढी वाटेत सांडली."

"लिही तू."

"लिहितेच आहे. हा कोण? धाकटे काका. यांना ओळखायला कुणी यायचंच नाही, सगळ्यांकडून उसने घेतले होते."

भाऊ तिच्याकडे पाहत नव्हते. ते मापकाकडे पाहत होते. आकडा चढत होता. काकांच्या वेळी चढला, मावशीच्या वेळी चढला, आणि खाली आला नाही. एकदाही नाही. झाडू कुठे गेला? हिवाळाभर जे त्यांना दिसलं नाही ते कोपऱ्यात शांतपणे वाढत होतं, आणि यंत्राचा पंखा आता कण्हल्यासारखा वाजू लागला होता.

"थांबू का?"

"नको. चालू दे."

तिने पुढचा फोटो उघडला. मोठा केला. "पुरुष. वय पंचेचाळीस. पुढचा एक दात तुटका. हसताना वरचा ओठ एका बाजूला"

आणि बोटं थांबली.

भाऊंनी नजर वळवली नाही. फोटो कुणाचा हे त्यांना न पाहता कळलं होतं. जिन्याच्या पायरीवर बसून हसणारा आक्काचा नवरा. दात त्याने कुल्फीच्या काडीने तोडला होता आणि जन्मभर वेगवेगळी शूर कारणं सांगितली होती. काही बोलावं असं भाऊंना वाटलं. सांत्वनाचे शब्द त्यांच्याजवळ कधीच वेळेवर हजर नसत. म्हणून ते मापकाकडेच बघत राहिले. खोलीत फक्त पंखा वाजत होता.

बऱ्याच वेळाने आकडा हलला. मग कडा कोसळावा तसा एकदम खाली आला. माळा रिकामा.

"आक्का," भाऊ हळूच म्हणाले, "तू थांबलीस."

"थांबले. मग?" तिचा आवाज जड होता.

"थांबलीस म्हणून झाडू निघाला."

आता त्यांना सगळं दिसलं, आणि दिसल्यावर बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती. झाडू त्यांनीच लिहिला होता, आणि लिहिताना त्याला एक वळण लावलं होतं. माणूस काम करत असताना मध्ये यायचं नाही. कळा दाबणं थांबलं, हात बराच वेळ निवांत राहिले, की मगच साफसफाईला निघायचं. कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालणं भाऊंना जन्मात जमलं नव्हतं. ते त्यांनी झाडूलाही जमू दिलं नव्हतं. आणि तपासताना ते स्वतः एक फोटो उघडत, मापक पाहत, टिपण करत, चहाचा घोट घेत, मनाशी शंका काढत. प्रत्येक फोटोनंतर झाडूला हवा तेवढा वेळ मिळायचा. त्यांच्यासारख्या माणसाच्या हाताखाली ही चूक कधीच दिसली नसती.

नदीकाठच्या बाईंचे हात थांबत नव्हते. फक्त जेवायला उठल्यावर थांबायचे. तेही त्यांनी पत्रात लिहिलं होतं, आणि भाऊ ते वाक्य वाचून हसले होते.

आत्ता त्यांना जेवायला कोण उठू देत असेल?

"फोन कर," आक्का म्हणाली. तिने डोळे पुसले होते. "पत्रावर नंबर छापलाय."

"पत्र लिहितो ना. आजच टाकतो."

"माणसं दारात उभी आहेत आणि तू तिकीट चिकटवत बसणार?" तिने स्वतःच नंबर फिरवला. फोन बराच वेळ लागत नव्हता. लागला तेव्हा कुणीतरी पुरुष ओरडला, आक्का त्याच्याहून मोठ्याने ओरडली. कोर्टातली होती ती. मग तिने फोन भाऊंच्या कानाला लावला आणि हात धरून ठेवला, कारण ते सोडून देतील याची तिला खात्री होती.

"बोला," एक थकलेला आवाज आला.

"मी... तुमचं पत्र आलं होतं. एडिटरबद्दल. मी तो लिहिणारा."

पलीकडे माणसांचा गलका.

"हो का," बाई म्हणाल्या. "उत्तर आलं नाही म्हटल्यावर मी तुम्हाला आमच्याच लोकांत धरलं होतं. बरं झालं, आहात."

भाऊंनी माफी मागायला सुरुवात केली. वाक्य लांब होतं. आक्काने त्यांच्या पाठीत बोट खुपसलं. त्यांनी माफी सोडली आणि कळ सांगितली. माळा ताबडतोब रिकामा करायची एक कळ त्यांनी फार पूर्वी स्वतःसाठी ठेवली होती, मदतीच्या पानावर ती नव्हती. प्रत्येक फोटोनंतर दाबा, म्हणाले. हात थांबवायची गरज नाही.

कळा वाजल्याचा आवाज आला. पुन्हा वाजल्या.

"चालतंय," बाई म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता. "पंखा शांत झाला."

"मग आता तुम्हाला सगळ्यांची वर्णनं—"

"आता कुठली. सकाळीच साहेबांनी सगळे फोटो छापून हॉलमध्ये भिंतीवर लावले. माझं यंत्र दर थोड्या वेळाने अडकत होतं, बाहेरचे लोक दार तोडायला आले होते, ते तरी काय करतील. आता सगळे भिंतीसमोरून फिरताहेत." त्या थांबल्या. "पाण्यातले चेहरे आहेत हो. तुम्ही पाहिले नसतील कधी."

"नाही."

"एक बाई मुलीला शोधत होती. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली तिने. एकेका फोटोसमोर उभी राहायची आणि बोट लावून बघायची. मुलगी सगळ्यात शेवटच्या रांगेत होती, खाली. तिचं वर्णन मी लिहिलं होतं. कानामागे तीळ, हाताला हिरव्या बांगडीचा तुकडा. तेवढ्यात यंत्र अडकलं, ते गेलं. वाचून दाखवलं असतं तर एकच फोटो पाहिला असता तिने."

या वेळी आक्काने बोट खुपसलं नाही.

"भिंतीवरचे काढता येतील का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"विचारते साहेबांना. काढतील असं वाटत नाही. पण अजून नदीतून आणताहेत. रात्री येतील ते भिंतीवर जाऊ देणार नाही, तेवढं माझ्या हातात आहे." मागून कुणीतरी त्यांना हाक मारली. "तुम्ही पत्र मात्र टाका. फोनवरचं इथे राहत नाही. माझी नोकरी संपत आलीय. माझ्या जागी येईल तिला कळलं पाहिजे. नदी काही कुठे जात नाही."

फोन बंद झाला.

भाऊंनी आधी झाडू दुरुस्त केला. वाट पाहण्याची अट काढून टाकली. फोटो मिटला की लगेच माळा झाडायचा, हात चालू असोत की नसोत. बदल एका ओळीचा होता. पडताळायला त्यांनी आक्काला पुन्हा बसवलं. तिने मुद्दाम जिन्यावरच्या फोटोपासून सुरुवात केली, राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, आणि न थांबता पुढे गेली. आकडा चढला, उतरला, चढला, उतरला. ती अल्बम संपेपर्यंत थांबली नाही.

"वरातीमागून घोडं," ती उठताना म्हणाली. मग जरा वेळाने, "पण घोडं तरी."

नवी प्रत त्यांनी छोट्या डिस्कवर घेतली. मग कागद ओढला. हिवाळाभर न जमलेलं पत्र आता अर्ध्या पानात झालं. चूक काय होती, कुणाची होती, कळ कोणती, डिस्क कशी चढवायची. 'हे पत्र यंत्राशेजारी भिंतीवर चिकटवावे' असं लिहिलं, 'भिंतीवर' हा शब्द पाहिला, आणि खोडून 'यंत्राच्या पाठीवर' केलं. शेवटी माफीचं एक वाक्य लिहिलं. ते लांबत चाललं तेव्हा मध्येच तोडलं आणि सही केली.

"पत्ता नीट लिहिलास?"

"लिहिला."

"तिकीट?"

"लावलं."

"मग बसलास काय?"

पेटी रस्त्याच्या टोकाला होती. भाऊ चपला घालून निघाले. बेकरीवाला दारात उभा राहून शेजारच्याशी बोटीबद्दलच बोलत होता, आकडा आणखी वाढला म्हणत होता. त्याने भाऊंना काहीतरी विचारलं. एरवी ते त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत उभे राहिले असते. "थांबा, आधी हे टाकतो," असं त्याला मध्येच तोडून म्हणाले, आणि पुढे गेले.

पेटीचं तोंड अरुंद होतं. डिस्कमुळे पाकीट फुगलं होतं, अडकलं. भाऊंनी ते तळहाताने आत ढकललं आणि खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.